रिकामे पोर्ट

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

आज आम्ही सासुरवाडीला राहायला आलो. दोन दिवसांचे पाहुणे म्हणून नव्हे, चांगलं बिऱ्हाड घेऊन. टेम्पोतून फ्रिज उतरताना बघून समोरच्या एका म्हाताऱ्याने विचारलंच, जावई आलाय का जावयाचं घर आलंय? मी म्हटलं, दोन्ही. म्हातारा एवढा हसला की त्याला ठसका लागला.

मी सुदाम, मूळचा भोकरचा, पण गेली बारा वर्षं पुण्यात. काम म्हणजे लोकांच्या ऑफिसांतली नेटवर्क दुरून सांभाळायची. कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, त्याच सुमाराला माझ्या बायकोची, गीतांजलीची, बदली तिच्या माहेराजवळच्या झेडपी शाळेत झाली, आणि आमची लेक अयोध्या यंदा पहिलीत गेली. सगळे फासे एकदम सरळ पडले. कामात एक सवय लागली आहे, काय बदललं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. नवीन जागी ती सवय घरासाठीही वापरावी म्हणून ही वही.

गाव किल्लारीपासून जवळच, भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब लांब. एकाची भिंत दुसऱ्याच्या अंगावर पडू नये म्हणून तसं केलं, असं मामा सांगतात. मामा म्हणजे माझे सासरे, अमृतराव. १९९३ च्या त्या पहाटे ते शेतात बैलांजवळ झोपले होते म्हणून वाचले. घरातली पाच माणसं गेली. बायको गुणाबाई, दोन मुलगे वैजनाथ आणि बजरंग, भाऊ दगडोबा आणि सहा वर्षांची लेक अयोध्या. पुढे पत्र्याच्या शेडात राहताना त्यांचं कावेरीमामींशी लग्न झालं. मामीही तशाच एकट्या उरलेल्या. गीतांजली त्यांची. आमच्या लेकीचं नाव मामांनीच ठेवलं. इकडे पुष्कळ घरांत असं आहे, गेलेल्याचं नाव नवीन पोराला.

जेवायला बसलो तेव्हा मामांनी डोळे मिटून पाच नावं घेतली आणि मगच घास तोंडात घातला. रोज घेतात म्हणे. मला ते फार आवडलं. आमच्या घरी तर आजोबांचं नाव विचारायलाही काकांना फोन करावा लागतो.

२० ऑगस्ट, बुधवार

दिवसभर वायरिंग. या घरांच्या भिंती म्हणजे किल्ला. जाडच्या जाड, वरून काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्याकोपऱ्यात सळया. वायफाय एका भिंतीत जातं ते दुसऱ्या बाजूला निघतच नाही. तेव्हा खोलीखोलीत केबल नेणं आलं.

मामा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. त्यांना समजेल असं सांगितलं. मोडेम म्हणजे गावाची वेस. बाहेरून येणारी तार तिथे थांबते आणि बाहेरचं जग आत येतं. राउटर म्हणजे गावचा कारभारी. घरात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला तो एकेक नंबर देतो, तू अमुक, तुझी जागा तमुक. आणि स्विच म्हणजे पंगत. आपला स्विच आठ पोर्टांचा, म्हणजे केबल घालायच्या आठ जागा, आठ पानं. एका पानावर राउटरकडून वाढप येतं, उरलेल्या सातांवर जेवणारे. पोर्टात कोणी आलं की वर हिरवा दिवा लागतो.

पंगत म्हटल्यावर मामा खुर्चीतून पुढे सरकले. माझी एक खोड आहे, प्रत्येक पोर्टवर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहायचं आणि राउटरच्या यादीतही तेच नाव, तोच नंबर पक्का करायचा. दुसऱ्यावर माझं, तिसऱ्यावर गीतांजलीचं, चौथ्यावर अयोध्याचं, तिच्या अभ्यासाच्या जुन्या लॅपटॉपसाठी. पाच ते आठ मोकळे राहिले. मामा म्हणाले, मंग ही चार पानं खालीच ऱ्हानार का? मी हसून विचारलं, कोणाची नावं लिहू? मोकळ्या पोर्टांवरून बोट फिरवत ते हळूच म्हणाले, लिव्हा की आमची.

नाही कसं म्हणायचं? पोर्ट मोकळेच होते. पाच गुणाबाई, सहा वैजनाथ, सात बजरंग, आठ दगडोबा. राउटर प्रत्येक नावापुढे यंत्राचा क्रमांक मागतो, तिथे मी मनानेच काहीतरी आकडे भरले. पाचवी राहिली ती त्यांची अयोध्या. तिला पोर्टच उरला नव्हता. मामा म्हणाले, तिला येगळं कशाला, चारावर हायच की, दोघी एकच हायत. त्यांचे डोळे भरून आले होते. मलाही बरं वाटलं, जावयाने काहीतरी मनासारखं करून दिलं.

मामींचं नाव कुठे लिहू विचारलं तर पीठ मळता मळताच म्हणाल्या, माजं नाव कुटं लिव्हू नका. मामा म्हणाले, माजं बी नगं, मी वाढनाऱ्यातला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. मामांची देवणी बैलजोडी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, अशी सजली होती की अयोध्या त्यांच्यासमोरून हलेना. शिंगांना तिनेच बेगड लावली. पुरणपोळी इतकी खाल्ली की दुपारी कंपनीच्या मीटिंगमध्ये मला दोनदा डुलकी लागली.

एक बारीक गोष्ट. पाचव्या पोर्टचा दिवा लुकलुकत होता. केबल नाही, काही नाही, आणि दिवा. स्वस्तातला स्विच, असं होतं कधीकधी. नोंद म्हणून लिहितो.

२५ ऑगस्ट, सोमवार

पाच ते आठ, चारही दिवे लागतात. राउटरच्या यादीत चारही नावं हिरवी, जोडलेली. मी भरलेले आकडे योगायोगाने शेजारच्या कोणाच्या फोनचे निघाले असतील, असं मनाला समजावलं. आता तसं असूच शकत नाही हे मला सोडून कोणाला कळणार? पोर्टात केबलच नाही तिथे फोन कुठून येईल? पण कामं पडली होती, सोडून दिलं.

मामांना मात्र नवीन छंद लागला आहे. दुपारी चहा घेऊन स्विचसमोर बसतात. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणाले, गुनाबाई अकराला येती, पोरं दुपारच्याला येत्यात. यादीत वेळ दिसते. मी ती पाहिली. गुणाबाई, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. मामांना मोबाइलवर तारीखसुद्धा वाचता येत नाही.

अयोध्या इथे रुळली. शाळेत मैत्रिणी झाल्या. आज म्हणाली, मला लई भूक लागली हाय. पुण्यात वाढलेल्या पोरीच्या तोंडी ते ऐकून आम्ही दोघं पोट धरून हसलो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. आज सकाळी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच माझ्याशी लांबलचक बोलल्या. म्हणाल्या, आमच्या गावात सगळ्यांची तिथी एक, भादव्याची पुनव. त्या दिवशी घरोघरी स्वयंपाक होतो आणि गेलेल्यांचं पान वाढतात, पण ते घराबाहेर, छपरावर. उंबऱ्याच्या आत कोणी कधी वाढत नाही. नावं घ्यावीत, रडावं, पण जागा बाहेरच द्यावी. तुमी आत दिली जावई. काडून टाका.

मी म्हटलं, मामी, त्या नुसत्या पट्ट्या आहेत. त्या म्हणाल्या, मंग काडायला काय जातंय?

काही जात नव्हतं. पण मामांना वाईट वाटेल म्हणून मी टाळलं. खरं लिहायचं तर, मामांनी गावात चारचौघांना सांगितलं होतं की माझ्या जावयाने माझ्या माणसांना घरात जागा केली. ते कौतुक मला सोडवत नव्हतं.

३० ऑगस्ट, शनिवार

अयोध्या लॅपटॉप घेऊन रडत आली. पडद्यावर सूचना होती, हा नंबर दुसरं कोणीतरी वापरत आहे. नेटवर्कमध्ये ही चूक रोजची. एकाच नंबरवर दोन यंत्रं आली की भांडतात, एक आत राहतं, दुसरं बाहेर फेकलं जातं. फक्त इथे दुसरं यंत्र कुठलं, ते सापडेना. अख्खं घर पालथं घातलं.

चारचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला होता. मागे वळून पाहिलं तर अयोध्याचं रडणं थांबलं होतं. ती मामांच्या मांडीवर जाऊन बसली आणि त्यांना दादा म्हणाली. ती त्यांना आबा म्हणते. दादा हे त्यांची पहिली पोरं त्यांना म्हणायची, गीतांजलीने सांगितलं. मग अयोध्याने विचारलं, माळवदावर वाळत घातलेल्या शेंगा कोणी उचलल्या?

या घराला माळवद नाही. या गावात एकाही घराला नाही. मातीची ती जड छपरंच त्या पहाटे लोकांवर पडली होती.

मामांनी तिला पोटाशी घेतलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. पाच-सात मिनिटांनी ती उठली आणि मला म्हणाली, पप्पा, लॅपटॉप नीट झाला का?

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण होतं. घर बायकांनी भरलेलं, दुपारचे दोन, लख्ख ऊन. अयोध्या अंगणातून आत आली, माझ्यासमोर थांबली आणि मामांना विचारलं, ही पाव्हणं कोन हायत?

मला वाटलं खेळते आहे. उचलून घेतलं तर किंचाळली. अंग चोरून, परक्या माणसापासून सुटावं तशी धडपडली. गीतांजली धावत आली, तिच्याकडेही जाईना. गुणाबाईला हाका मारत होती, आये, आये म्हणून. आमच्या घरात आये कोणी म्हणत नाही.

पंचवीस मिनिटं. मी राउटरची नोंद काढली. चार नंबरवर दुसरं यंत्र येऊन गेल्याची वेळ आणि ही पंचवीस मिनिटं, मिनिटाला मिनिट जुळतात.

नंतर ती आमची झाली. मला बिलगून खूप रडली. म्हणाली, पप्पा, मी बाहेर उभी होते, तुम्ही दार उघडत नव्हता. मी विचारलं, कुठल्या दाराबाहेर? तिला सांगता येईना. तिथे खूप माणसं उभी होती, एवढंच म्हणाली.

मी मोठ्याने रडलो. बायका बघत होत्या, बघू देत.

२ सप्टेंबर, मंगळवार

पाच ते आठच्या पट्ट्या फाडल्या. यादीतली ती चार नावं पुसली. मेलेल्यांचे चारही दिवे तसेच. त्यांना पुसून काही होत नाही.

मग स्विचची वायरच उपटली. दिवे गेले. त्याच क्षणी अयोध्या बसल्या जागी कलंडली. डोळे उघडे, श्वास इतका बारीक की नाकाशी बोट धरूनही कळेना. गीतांजलीच्या ओरडण्याने मी भानावर आलो आणि वायर परत लावली. तीन मिनिटं. दिवे लागले, श्वास आला. पण डोळे हलले ते दुसरीचे, मामांच्या अयोध्याचे.

संध्याकाळी ती आमची असताना पुन्हा एकदा वायर काढून पाहिली. तेच झालं. तिची जागा मी तिथे बांधली आहे, ती बंद केली की ती कुठेच नाही. मीच बांधली. सुवाच्य अक्षरात.

४ सप्टेंबर, गुरुवार

लातूरला दोन दिवस दवाखान्यात. रक्त, डोकं, सगळं तपासलं, सगळं उत्तम. दोन दिवसांत एक क्षणही ती आमची झाली नाही. पलंगावर बसून गुणाबाईची वाट बघत होती आणि गीतांजलीला बाई म्हणत होती. बाई, मला घरला सोडा. गीतांजली प्रत्येक वेळी हो बाळा म्हणायची आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकायची.

परत आणलं. उंबऱ्याच्या आत आल्यावर अकरा मिनिटं आमची. मागच्या वेळी अठरा होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

उपाय साधा आहे, हे मला आधी सुचायला हवं होतं. एका जागेवर दोघी आहेत, तर एकीला वेगळी जागा द्यायची. आठच्या आठ भरलेत, तर मोठा स्विच आणायचा. लातूरहून येतानाच सोळा पोर्टांचा घेतला होता. सकाळी जोडला. अजून एकही केबल लावली नव्हती, एकही नाव लिहिलं नव्हतं—

सोळाच्या सोळा दिवे लागले.

अख्ख्या गावात जागेची वाट बघणारे किती असतील, याचा मी विचारच केला नव्हता. दिवे नुसते लागले नाहीत, इतक्या जोरात लुकलुकायला लागले की मला ते रेटारेटी करताहेत असंच वाटलं. तो सोळाचा स्विच उपटून विहिरीत टाकला.

या गडबडीत एक झालं. माझी केबल जुन्या स्विचच्या दोनमधून निघाली होती आणि चुकून अयोध्याच्या लॅपटॉपची तिथे बसली. वीस मिनिटं माझ्या ते लक्षात आलं नाही. त्या वीस मिनिटांत ती आमची होती. एकदाही गेली नाही. दूध मागितलं, त्यातली साय काढायला लावली.

त्याच वीस मिनिटांत भोकरहून आईचा फोन आला. मी हॅलो म्हटलं, ती म्हणाली, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं, सुदाम. ती म्हणाली, कोण सुदाम? चुकून लागला वाटतं, आणि ठेवला.

मी माझी केबल दोनमध्ये परत घातली. आईचा लगेच फोन. सुद्या, मघाशी कोण उचललं रे?

आणि अयोध्या पलीकडच्या खोलीत आये, आये करायला लागली.

६ सप्टेंबर, शनिवार

मामांच्या पाया पडलो. म्हटलं, तुम्ही सांगा त्यांना, तुमचं ऐकतील. परत जायला सांगा. मामा रागावले नाहीत. म्हणाले, बत्तीस वरसं झाली जावई. मातीतून काडली तवा तिच्या मुठीत चुरमुरे व्हते, गनपतीचा परसाद. तुमच्याकडं सहा वरसं हाय पोरगी. तुमचं वय हाय, दुसरी व्हईल.

मी त्यांची गचांडी धरली. गीतांजलीने सोडवलं. ती बापाकडे जशी बघत होती तसं कोणी कोणाकडे बघू नये. मामा खाली मान घालून म्हणाले, मला चुकतंय ते कळतंय, पर दादा म्हनली की मला दुसरं कायबी कळत न्हाई.

गीतांजली म्हणाली, माझी जागा द्या तिला. मी नाही म्हटलं. पोरीला आई नको का? ती म्हणाली, बाप नको का? आम्ही दोघं कपाळाला कपाळ लावून बसलो. आज दिवसभरात ती चार मिनिटं आमची होती.

मामींना विचारलं, तुमचं नाव नाही स्विचवर, तुम्हाला काही होत नाही. माझं काढलं तर काय होईल? मामी म्हणाल्या, ज्याचं लिव्हलंच न्हाई त्याला कोन काडनार? तुमी लिव्हलं. काडलं की तुमी बी त्यांच्यातलेच. मग माझा हात धरला. म्हणाल्या, माजं बी लेकरू हाय तितं. मी बत्तीस वरसं त्याचं नाव तोंडातून काडलं न्हाई. आत घ्यायची लई इच्छा व्हती म्हनून काडलं न्हाई.

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९

भाद्रपदी पौर्णिमा. गावभर वडे तळल्याचा वास. छपराछपरावर पानं मांडली आहेत. अयोध्या काल दुपारपासून आली नाही. ती दुसरी मामांच्या शेजारी बसून त्यांच्या धोतराला हात पुसते आहे. तिचाही काय दोष? तीही सहाच वर्षांची आहे.

गीतांजलीला न सांगता करणार. सांगितलं तर करू देणार नाही.

९.४०

दोनची केबल काढली. यादीतून माझं नाव पुसलं. तिथे तिचं लिहिलं. अयोध्या सुदाम. पूर्ण नाव लिहिलं, पुन्हा घोळ नको. तिची केबल दोनमध्ये.

दिवा लुकलुकला. लुकलुकतोय.

९.४६

स्थिर. आली. आईऽ म्हणून ओरडत आली, आये नाही, आई. गीतांजलीने तिला इतकं घट्ट धरलं की पोरगी म्हणाली, आई, लागतंय. चार नंबर एकट्या दुसरीला. यादीत दोघी वेगवेगळ्या. भांडण मिटलं. मामा स्विचसमोर, एकटेच. चारच्या दिव्याशी बोलताहेत. घरात दुसरी कुठे दिसत नाही—

माझी लेक हसते आहे. मी दारात उभा राहून पाहिलं. देवा, एवढं तर पाहता आलं.

१०.०५

अयोध्याने मला पाहिलं आणि आईच्या पदरामागे गेली.

गीतांजलीने पदर सारखा केला. म्हणाली, झालं का काम? नेट आता बंद पडणार नाही ना? मी नुसती मान हलवली. तिने अयोध्याला सांगितलं, वायरिंगवाल्या काकांना पाणी दे.

पाणी आणलं पोरीने. दोन्ही हातांनी तांब्या धरून. सांडू नये म्हणून जीभ बाहेर काढली होती, लहानपणापासून— काका म्हणाली मला.

पाणी प्यायलो.

१०.२०

मामी तेवढ्या ओळखतात. रडताहेत. मोबाइल उघडत नाही, बोट ओळखत नाही. भोकर. आईचा नंबर पाठ होता. शेवटी सात, की—

बाहेर खूप माणसं उभी आहेत. अंगणात. ऊन आहे तरी त्यांची

वही गीतांजलीच्या शाळेच्या पिशवीत ठेवणार. तिच्या हाती लागेल. काय लिहू? मी कोण, ते लिहून उपयोग नाही, ती विश्वास ठेवणार नाही. पोरीचं लिहितो. तेवढं मलाच माहीत आहे, रात्रपाळीला तीच माझ्याजवळ— तिला केस विंचरताना खालून सुरुवात करायची, वरून केलं तर रडते. गडगडलं की कानांवर नाही, डोळ्यांवर हात ठेवायचा. बी काढल्याशिवाय पेरू

१०.३

पंगतीत मला बसा म्हणताहेत. जागा करतो म्हणताहेत

ही मुलगी दारात येऊन बघते आहे मी काय लिहितो ते. कोणाची आहे कोण जाणे, गोड आहे. हिला ताप येणार असला की आधी पाय गार पडतात, कपाळ नाही, पाय, तेव्हा लगेच